ट्यूडर इंग्लंडमधली चर्चची कोर्टं: तिथे नेमकं कोण यायचं?

मधुमालती

मंडळी, ट्यूडर म्हणजे इंग्लंडचं त्या काळचं राजघराणं, पण ट्यूडर म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर जाते. मालिका बघा, पुस्तकं बघा, तेच. गेले काही महिने मी त्या काळातल्या चर्चच्या कोर्टांबद्दल वाचतेय आणि माझं ठाम मत झालंय की १४८५ ते १६०३ मधलं इंग्लंड समजून घ्यायचं तर राजवाड्याआधी ही कोर्टं बघावीत.

लग्न झालं की नाही, मृत्युपत्र खरं की खोटं, शेजारणीने शिवी दिली, पाद्र्याला उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिला नाही, रविवारी चर्चला गेला नाही, लग्नाआधी दिवस गेले... हे सगळे दावे राजाच्या कोर्टात न जाता बिशपच्या किंवा त्याच्या हाताखालच्या आर्चडीकनच्या कोर्टात जायचे. त्यामुळे तिथे मोलकरणी, विणकर, दाया, खानावळवाल्या, शेतमजूर सगळे येऊन बोललेत, आणि त्यांचं बोलणं लिहून ठेवलंय. कोर्टाचे बाकी सोपस्कार लॅटिनमध्ये, पण साक्षी इंग्रजीत, जवळपास बोलल्या तशा.

तुम्ही वाचलेल्या केसेसमधली कोणती माणसं लक्षात राहिली? छोटी-मोठी कुठलीही चालतील.

रानवारा

वाचनखूण साठवली. येऊ द्या.

वकीलकाका

विषय आवडीचा आहे. प्रोसिजर सांगतो म्हणजे पुढच्या केसेस समजायला सोप्या जातील.

दावे दोन प्रकारचे. एकात फिर्यादी आणि प्रतिवादी, म्हणजे आपल्या दिवाणी दाव्यासारखं. दुसऱ्यात कोर्ट स्वतःच कारवाई करायचं. त्यासाठी प्रत्येक गावच्या चर्चला वॉर्डन असत. ही गावातलीच साधी माणसं, दरवर्षी नेमलेली. बिशपचा माणूस फेरीवर आला की गावात कोण नीट वागत नाही याची यादी त्यांनी द्यायची. 'गावात बोललं जातं' एवढ्यावरही समन्स निघायचं. ते घेऊन येणारा माणूस म्हणजे समनर, आणि तो गावात कुणालाच नको असायचा.

आरोपीने नाकारलं तर कोर्ट सांगायचं, अमुक इतके शेजारी घेऊन ये आणि तुझ्या बाजूने शपथ घ्यायला लाव. शेजारी उभे राहिले तर सुटलास. म्हणजे गावाशी पटत नसेल तर खेळ खलास.

ज्युरी नाही. साक्षीदाराची भर कोर्टात उलटतपासणी नाही. विरुद्ध पक्षाने प्रश्न लेखी द्यायचे, कारकुनाने साक्षीदाराला एकटं बसवून विचारायचे आणि उत्तरं उतरवून घ्यायची. न्यायाधीश ते कागद वाचून निकाल देणार. मधुमालतीताई म्हणतात ते बोलणं आज आपल्या हाती आहे ते या पद्धतीमुळे. सगळं तोंडी झालं असतं तर हवेत विरलं असतं.

टिटवी

म्हणजे हे इन्क्विझिशनच ना? गोव्यात होतं तसं? जिवंत जाळायचे वगैरे?

तळकोकणी

@टिटवी, नाही हो. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं, १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. ते खास धर्मद्रोह शोधायला नेमलेलं न्यायालय, पोर्तुगीज राजसत्तेच्या पाठबळाने चालणारं, तुरुंग आणि छळ हाताशी असलेलं. आमच्याकडच्या किती घराण्यांनी त्यापायी देव उचलून नदीपलीकडे नेले ते सगळ्यांना माहीत आहे.

इंग्लंडमधल्या या कोर्टांचं रोजचं काम वेगळं होतं. पाखंडाचे खटले तिथेही चालत आणि दोषी ठरलेल्याला जाळण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याच्या हवाली केलं जाई, पण एकूण कामात तो भाग लहान. बाकी शिक्षा म्हणजे रविवारी भर प्रार्थनेच्या वेळी पांढरी चादर गुंडाळून, हातात पांढरी काठी घेऊन, अनवाणी उभं राहायचं आणि केलेलं पाप मोठ्याने कबूल करायचं. ऐकलं नाही तर बहिष्कार.

निशिगंध

पाखंडाचा विषय निघालाच आहे तर रिचर्ड हन लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लंडनचा शिंपी-व्यापारी, बऱ्यापैकी पैसेवाला. मार्च १५११ मध्ये त्याचं पाच आठवड्यांचं बाळ गेलं, स्टीफन नावाचं. व्हाइटचॅपलच्या पाद्र्याने रिवाजाप्रमाणे मयताच्या मालकीची एक वस्तू मागितली. बाळाच्या मालकीचं काय असणार? बाप्तिस्म्याचं कापड. पाद्र्याने तेच मागितलं. हनने दिलं नाही. त्याचं म्हणणं, मेलेल्या बाळाच्या मालकीचं काही नसतं, मग देणार काय?

पाद्री पुढच्या वर्षी त्याला चर्चच्या कोर्टात घेऊन गेला आणि जिंकला. हन तरीही नमला नाही. डिसेंबर १५१२ मध्ये तो चर्चमध्ये गेला तर तिथला पाद्री म्हणाला, हा माणूस बाहेर गेल्याशिवाय मी प्रार्थना म्हणणार नाही. त्यावर हनने राजाच्या कोर्टात बदनामीचा दावा टाकला. शिवाय चर्चचं कोर्ट परक्या सत्तेच्या, म्हणजे पोपच्या, जोरावर चालतं असा आणखी एक दावा. हे म्हणजे व्यवस्थेच्या मुळावर घाव घालणंच झालं. १५१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पाखंडी म्हणून पकडलं, आणि ४ डिसेंबरला तो सेंट पॉल्सच्या आवारातल्या लोलार्ड्स टॉवर या चर्चच्या तुरुंगात लटकलेला सापडला.

चर्च म्हणालं आत्महत्या. कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) ज्युरीने जाऊन प्रेत बघितलं, खोली बघितली आणि लेखी सांगितलं की हा खून आहे. बिशपचा चॅन्सेलर, म्हणजे त्याच्या कोर्टाचा न्यायाधीश, विल्यम हॉर्सी, समनर चार्ल्स जोसेफ आणि घंटा वाजवणारा जॉन स्पाल्डिंग, अशी तीन नावं घेतली. चर्चने काय करावं? मेलेल्या हनवर पाखंडाचा खटला चालवला, दोषी ठरवलं आणि २० डिसेंबरला स्मिथफील्डला प्रेत जाळलं. हॉर्सीवरचा आरोप राजाच्या इच्छेने पुढे रेटला गेला नाही.

एका कापडासाठी. मला हा माणूस खूप मोठा वाटतो. लंडनकर हे विसरले नाहीत. १५२९ च्या पार्लमेंटने मयताच्या वस्तूचा हा हक्क कायद्याने आवळला, त्यात मुलांच्या आणि विवाहित बायकांच्या मृत्यूवर काहीही घ्यायचं नाही असं स्पष्ट घातलं.

रानवारा

बाप रे. हे माहीतच नव्हतं. समनर स्वतःच आरोपी!

वकीलकाका

@निशिगंध, उत्तम लिहिलंत. एक भर घालतो. त्या ज्युरीने प्रत्यक्ष पाहून केलेल्या नोंदी पुढे छापल्या गेल्या, आणि पाचशे वर्षं झाली तरी इतिहासकार त्यावर भांडतायत. थॉमस मोरसारखा नामवंत कायदेपंडित आत्महत्येच्याच बाजूने राहिला. मला विचाराल तर ज्युरी बरोबर होती.

सायली_लीड्स

मी इंग्लंडमध्ये राहते, चेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये हे कोर्ट पाहून आलेय म्हणून लिहिते. लाकडी कठड्याने वेढलेली खोली, मध्ये मोठं टेबल, न्यायाधीशाचं उंच आसन, आणि कोपऱ्यात कठड्याच्या वर उचलून बसवलेली एक एकटी खुर्ची. ती कोर्टाच्या शिपायाची. तिथून त्याला सगळे दिसावेत अशी. हे लाकूडकाम १६३६ चं, म्हणजे ट्यूडर संपल्यावरचं, पण कोर्ट त्याच्या आधीपासूनचं, कारण चेस्टरचा बिशप १५४१ पासून आहे.

आणि चेस्टरच्या कागदांत १५६० च्या दशकातली बालविवाहांची प्रकरणं आहेत! आपल्याला वाटतं हे फक्त आपल्याकडे. जॉन सॉमरफर्ड आणि जेन ब्रेरटन यांचं लग्न लागलं तेव्हा तो तीन वर्षांचा आणि ती दोन. दोघांना कडेवर घेऊन उभं केलं होतं आणि लग्नाचे शब्द कडेवर घेणाऱ्यांनी म्हटले. मोठे झाल्यावर नको म्हणाले आणि कोर्टात आले.

दुसरा जेम्स बॅलर्ड. दहा-अकरा वर्षांचा मुलगा. लग्न कोल्न गावात रात्री दहाच्या सुमारास तिथल्या पाद्र्याने लावलं, घरच्यांना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा काकाकडे जाऊन सांगतो, ॲनने (म्हणजे नवरीने) मला दोन सफरचंदं दिली आणि चल म्हणाली. त्याला पश्चात्ताप झाला होता. हे सगळं कोर्टाच्या कागदावर आहे, सफरचंदांसकट.

टिटवी

दोन सफरचंदं! अगं आई गं. बिचारा.

मधुमालती

सायली, फार सुंदर. नियम असा होता की मुलगी १२ आणि मुलगा १४ वर्षांचा होईपर्यंत लागलेलं लग्न पक्कं नाही. वयात आल्यावर दोघं एकत्र राहिली, एकमेकांना नवरा-बायको मानलं, तर पक्कं. नाही तर कोर्टाकडून मोडून घेता यायचं. म्हणून साक्षीदारांना विचारायचे, त्यांनी एकमेकांना भेटी दिल्या का, चुंबन घेतलं का, एका घरात राहिले का.

मोठ्यांच्या लग्नाची तऱ्हा याहून अवघड. 'मी तुला आत्ता बायको म्हणून स्वीकारतो' आणि 'मी तुला नवरा म्हणून स्वीकारते' एवढं दोघांनी म्हटलं की लग्न झालं. पाद्री नको, चर्च नको. इंग्लंडमध्ये हे १७५३ च्या कायद्यापर्यंत चाललं. पण कोर्टात सिद्ध करायला दोन साक्षीदार हवेत! म्हणून मग साक्षीत मोजे, अंगठी, वाकवलेलं नाणं, रुमाल यांची वर्णनं भरभरून येतात. त्याने हातमोजे दिले, तिने घेतले, पण लग्नाचे म्हणून घेतले की नुसतेच शेजारधर्म म्हणून? दावा त्यावर ठरायचा.

कुरुंदवाडकर

दोन साक्षीदारांवरून लेडी कॅथरीन ग्रे आठवली. नऊ दिवसांची राणी जेन, तिची धाकटी बहीण. डिसेंबर १५६० मध्ये तिने हर्टफर्डच्या अर्लशी गुपचूप लग्न केलं, वेस्टमिन्स्टरला कॅनन रो मधल्या त्याच्या घरी. साक्षीदार एकच, नवऱ्याची बहीण. ती पुढच्या वर्षी वारली. पाद्री कोण होता, कुठला होता, कुणालाच नीट माहीत नाही. आणि कॅथरीनला दिवस गेले.

एलिझाबेथ राणी भडकली, कारण कॅथरीन तिच्यानंतर गादीची दावेदार. दोघंही टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत. आर्चबिशप पार्करच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि मे १५६२ मध्ये निकाल दिला, लग्न सिद्ध होत नाही. मुलगा अनौरस. त्यावर पहारेकऱ्यांनी दोघांना भेटू दिलं आणि टॉवरमध्येच दुसरा मुलगा झाला! अर्लला १५,००० पौंड दंड ठोठावला. कॅथरीन नजरकैदेतच १५६८ मध्ये गेली.

सायलीताईंच्या केसेसपेक्षा हे प्रकरण मोठ्या घरचं आहे, पण अडचण तीच: शब्द उच्चारले, ऐकणारं कोणी उरलं नाही.

अभ्यंग

मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. या कोर्टांचं कौतुक चाललंय असं वाटतं. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवायची, कुणाच्या पोटात कधी काय याचे महिने मोजायचे, गरीब पोरीला चादर गुंडाळून उभं करायचं आणि पैसेवाल्याने शिक्षेऐवजी पैसे भरून सुटायचं. हो, तीही सोय होती. बहिष्कृताला दावा लावता येत नव्हता, साक्ष देता येत नव्हती, चर्चच्या जमिनीत मूठमाती मिळत नव्हती. आपल्याकडे जातपंचायती हेच करत होत्या, आणि महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मग तिकडचं जपून ठेवलेलं लिखाण गोड का मानायचं?

मधुमालती

@अभ्यंग, मुद्दा मान्य, आणि तो या धाग्यावर यायलाच हवा होता. चादरीत उभं राहण्यात गोड काहीच नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. विवाहित बाईला राजाच्या कोर्टात नवऱ्याशिवाय दावा लावता येत नव्हता. चर्चच्या कोर्टात ती स्वतःच्या नावाने जाऊ शकत होती. सोळाव्या शतकाच्या शेवटाला लंडनमध्ये बदनामीच्या दाव्यांत बायकांचा भरणा का आहे, ते यातून कळतं. रस्त्यावर दारात उभं राहून एकीने दुसरीला छिनाल म्हटलं, तर दुसरी गप्प बसत नव्हती. पैसे खर्चून, साक्षीदार गोळा करून कोर्टात जायची, कारण अब्रू गेली की काम, लग्न, उधारी सगळंच जायचं.

ज्या कोर्टाने बायकांना छळलं त्याच कोर्टाचा त्यांनी वापरही करून घेतला. दोन्ही खरं आहे.

निशिगंध

+१ मधुमालती. साक्षीदार बायकांच्या जबान्या वाचताना मला सर्वात भिडतो तो एक प्रश्न. विरुद्ध पक्ष साक्षीदाराला विचारायला लावायचा, 'सगळं कर्ज फेडून तुझ्याकडे किती मालमत्ता उरते?' म्हणजे गरीब असेल तर साक्ष विकत घेतली असं म्हणता यावं. कुणी सांगते चाळीस शिलिंग. कुणी सांगते, अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नाही, कष्ट करून खाते. कारकून ते जसंच्या तसं लिहितो. त्याआधी नाव, वय (बहुतेक वेळा 'तीसच्या आसपास'), जन्म कुठला, या गावात किती वर्षं. एका मोलकरणीचं अख्खं आयुष्य चार ओळींत.

रानवारा

शेक्सपियरचं काही आहे का यात? तो तर ट्यूडरच.

सायली_लीड्स

आहे ना. नोव्हेंबर १५८२ मध्ये त्याचं लग्न घाईने लावायला वुस्टरच्या बिशपच्या कोर्टातून परवाना काढला. ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, काळ लागणार होता, त्यात लग्नं होत नसत, आणि ॲन हॅथवेला दिवस गेले होते. दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांचा जामीन लिहून दिला: फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन. मे १५८३ मध्ये सुझॅनाचा बाप्तिस्मा.

तीच सुझॅना मोठी झाल्यावर १६१३ मध्ये त्याच वुस्टरच्या कोर्टात गेली. जॉन लेन नावाचा माणूस तिच्याबद्दल घाणेरडं बोलला होता. तो हजरच झाला नाही, कोर्टाने त्याला बहिष्कृत केलं. एव्हाना ट्यूडर संपून दहा वर्षं झाली होती, पण सुझॅना शोभते इथे.

कुरुंदवाडकर

राण्यांना टाळायचं असं मधुमालतीताई म्हणाल्या, तरी एक राणी आणतोच, कारण तीही शेवटी पक्षकारच. कॅथरीन ऑफ ॲरागॉन, आठव्या हेन्रीची पहिली राणी. हेन्रीला हे लग्न रद्द करून हवं होतं. २१ जून १५२९, लंडनचं ब्लॅकफ्रायर्स, समोर कार्डिनल वुल्सी आणि कार्डिनल कँपेज्जो. ती सरळ उठून हेन्रीपुढे गुडघे टेकून बोलली, आणि कोर्टातून निघून गेली. पुकारा करणाऱ्याने परत बोलावलं, ती थांबली नाही. चार वर्षांनी कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर याने डन्स्टेबलला कोर्ट भरवलं. ती जवळच अँप्टहिलला होती, तरी गेली नाही. कोर्टाने तिला गैरहजर ठरवून २३ मे १५३३ रोजी लग्न रद्द केलं. एवढी मोठी राणी, आणि तिच्या हाती असलेलं हत्यार तेच, समन्सला न जाणं.

वकीलकाका

आता मुंबईकडे येतो, कारण इथे खरा धागा जुळतो आणि आपल्या लोकांना तो माहीत असायला हवा.

चर्चच्या कोर्टात एक दावा असायचा: नवरा किंवा बायको वेगळी राहते, तिला परत नांदायला पाठवा. ऐकलं नाही तर बहिष्कार. ही तरतूद इंग्रज भारतात घेऊन आले. इंग्रजांच्या काळातल्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टाला धर्मविषयक अधिकारही होते. एका पारशी बाईने त्यात नांदवण्याचा दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेला, आणि १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिल म्हणालं की ख्रिस्ती धर्मकोर्टाचा हा अधिकार पारशांना लागू करता येणार नाही.

मग आल्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याकडे कधी नांदल्या नाहीत. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला आणि स्पष्ट लिहिलं की हा उपाय इंग्लंडमधून इथे आणून लावलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. अपिलात ते फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्यात नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या तुरुंगात जाईन. आणि लक्षात घ्या, खुद्द इंग्लंडने हा तुरुंग १८८४ मध्येच काढून टाकला होता! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

इंग्लंडमध्ये हा दावा १९७० मध्ये रद्द झाला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मी स्वतः अशा केसेस चालवल्यात. पोटगी मागितली की समोरून कलम ९ येतं, हे फॅमिली कोर्टात रोजचं आहे. हे कलम जायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

अभ्यंग

काका, हे जबरदस्त. मी वर जे म्हणत होतो त्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता.

तळकोकणी

वकीलकाका, प्रोबेटसुद्धा तिकडूनच ना? आमच्या आजोबांच्या मुंबईच्या खोलीच्या मृत्युपत्रासाठी हायकोर्टात चपला झिजल्या होत्या.

वकीलकाका

हो. मृत्युपत्र सिद्ध करणं हे इंग्लंडमध्ये शतकानुशतकं चर्चच्या कोर्टाचं काम. १८५७ मध्ये तिथे लग्न आणि मृत्युपत्र दोन्ही चर्चकडून काढून दिवाणी कोर्टांना दिली.

टिटवी

मला हे मूळ कागद बघायचेत. कुठे मिळतील? आणि इंग्रजी येतं तेवढ्यावर वाचता येतील का?

सायली_लीड्स

@टिटवी, यॉर्कच्या आर्चबिशपच्या कोर्टांतल्या १३०० ते १८५८ पर्यंतच्या दाव्यांची यादी ऑनलाइन आहे, चौदा हजारांहून जास्त. कुठल्या गावचा, कशाबद्दल, पक्षकारांचे धंदे काय असं शोधता येतं. कँटरबरीच्या वरिष्ठ कोर्टातली मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. मूळ हस्ताक्षर डोळ्यांना त्रास देतं, त्या काळचं सेक्रेटरी हँड नावाचं वळण वेगळंच असतं, आणि आधी-नंतरचे सोपस्कार लॅटिनमध्ये. पण छापील जबान्या खूप आहेत, चेस्टरच्या १८९७ मध्येच छापल्या गेल्या. तिथून सुरू करा, स्पेलिंग जुनं असलं तरी मोठ्याने वाचलं की कळतं.

टिटवी

धन्यवाद ताई, आज रात्रीच बघते.

मधुमालती

मी सध्या दशांशाच्या दाव्यांमध्ये अडकलेय. गवत, लोकर, कोकरं, अंडी, मध, सगळ्यांचा दहावा हिस्सा पाद्र्याला. सातच कोकरं झाली तर दहावा हिस्सा कसा काढायचा यावर साक्षीदारांचा वाद असतो, आणि म्हातारे शेतकरी येऊन सांगतात की माझ्या बापाच्या वेळी असं ठरलं होतं. कुणाला त्यात रस असेल तर वेगळा धागा काढते.

कुरुंदवाडकर

काढा ताई. आमच्या घरी शेती आहे, सात कोकरांचा हिशोब मला बघायचाच आहे.